सिज्विक, एलेनोर मिल्ड्रेड

(११ मार्च १८४५ – १० फेब्रुवारी १९३६). भौतिकीत संशोधन करणाऱ्या आद्य ब्रिटिश स्त्रियांपैकी एक, केंब्रिजच्या न्यूनम महाविद्यालयाच्या प्राचार्या आणि स्त्रियांच्या उच्च शिक्षणाच्या खंद्या पुरस्कर्त्या. माहेरचे आडनाव बॅल्फर. जन्म स्कॉटलंडमधील ईस्ट लोदियन परगण्यात. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले आर्थर बॅल्फर हे त्यांचे धाकटे भाऊ. शिक्षण घरीच झाले; गणिताची आवड मात्र पक्की होती. १८७६ मध्ये तत्त्वज्ञ हेन्री सिज्विक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. व्याख्याने ऐकायला केंब्रिजला येणाऱ्या मुलींच्या राहण्यासाठी हेन्री यांनी १८७१ मध्ये एक घर घेतले होते. पाच मुलींच्या त्या बिऱ्हाडाचेच पुढे न्यूनम महाविद्यालय झाले.

एलेनोर यांच्या बहिणीचे यजमान म्हणजे भौतिकीविज्ञ लॉर्ड रॅली. भौतिकीविज्ञ मॅक्सवेल यांच्या निधनानंतर १८७९ मध्ये ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश या भौतिकी प्रयोगशाळेचे प्रमुख झाले आणि त्यांनी विद्युत एककांच्या फेरमापनाचे काम हाती घेतले. तारायंत्राच्या त्या काळात ओहम (विद्युत रोधाचे) आणि अँपिअर (प्रवाहाचे) ही एकके नक्की केवढी, हा प्रश्न निव्वळ पुस्तकी राहिला नव्हता. या मोजमापांत एलेनोर यांचा बरोबरीचा वाटा होता. रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये या कामावरचे तीन निबंध रॅली आणि श्रीमती सिज्विक अशा जोडनावाने छापले गेले. ब्रिटिश असोसिएशन या वैज्ञानिकांच्या संस्थेने ठरवलेले रोधाचे प्रमाण खऱ्या ओहमपेक्षा सुमारे १.३ टक्क्यांनी कमी भरते, असे या मालिकेतून निघाले.

अँपिअर ठरवण्यासाठी केलेला चांदीचा प्रयोग विशेष नाजूक. प्लॅटिनमच्या वाटीत सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण घेऊन त्यात चांदीचा धनाग्र (विद्युत मंडलाचे धन टोक) सोडायचा. त्याचे सुटलेले कण वाटीत पडून वजन चुकू नये म्हणून तो गाळणकागदात गुंडाळायचा. ठरावीक वेळ प्रवाह सोडून मग वाटी धुऊन, वाळवून पुन्हा तोलायची. वाढलेले वजन म्हणजे साचलेली चांदी. एक अँपिअर प्रवाहाने सेकंदाला सुमारे १.११८ मिलिग्रॅम चांदी साचते, असे उत्तर आले. १८९३ च्या शिकागो परिषदेने आंतरराष्ट्रीय अँपिअरची व्याख्या याच आकड्यावर बेतली. १८८४ मध्ये रॅलींनी कॅव्हेंडिश सोडले आणि एलेनोर यांचे भौतिकीतील कामही जवळपास तिथेच थांबले. जेमतेम पाच वर्षांचे हे काम त्यांच्या चरित्रांत एका ओळीत उरकले जाते, ते योग्य नाही.

त्यानंतर न्यूनम हाच त्यांचा व्याप झाला. महाविद्यालयाचे हिशेब त्यांनी अनेक वर्षे सांभाळले आणि पहिल्या प्राचार्या अ‍ॅन क्लफ यांच्या निधनानंतर १८९२ ते १९१० या काळात प्राचार्यपद भूषवले. विज्ञान शिकणाऱ्या मुलींना प्रयोगाची सोय मिळावी म्हणून १८८४ मध्ये स्वतंत्र बॅल्फर प्रयोगशाळा उघडली. आल्प्समध्ये अपघाती मृत्यू आलेल्या त्यांच्या भावाचे, भ्रूणशास्त्रज्ञ फ्रान्सिस बॅल्फर यांचे नाव तिला दिले होते.

त्यांची प्रयोगशाळेतली शिस्त सर्वांत उपयोगी पडली ती एका भलत्याच वादात. अभ्यासाच्या ताणाने मुलींची प्रकृती ढासळते आणि पुढे मातृत्वावरही परिणाम होतो, असे हेन्री मॉडस्लीसारखे नामांकित डॉक्टर १८७४ पासून छापून सांगत होते. एलेनोर यांनी त्यावर भाषण ठोकले नाही. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या विद्यार्थिनींकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि तुलनेसाठी निवडल्या त्यांच्याच महाविद्यालयात न गेलेल्या बहिणी. घर तेच, खाणेपिणे तेच, फरक काय तो शिक्षणाचा. तुलना करताना याहून चोख जोडी मिळणे अवघड. १८९० मध्ये अहवाल निघाला; शिकलेल्या मुली बहिणींपेक्षा प्रकृतीने कोठेही उण्या नव्हत्या.

त्याच वर्षी न्यूनमची फिलिपा फॉसेट गणिताच्या ट्रायपॉस या केंब्रिजच्या पदवी परीक्षेत ‘सीनियर रँग्लर’च्याही, म्हणजे पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याच्याही, वर आली. (रँग्लर परांजप्यांमुळे महाराष्ट्राला हा किताब ओळखीचा, १८९९ मध्ये ते विभागून पहिले आले होते.) तरीही तिला पदवी नाही. मुलींना परीक्षेला बसण्याचा हक्क १८८१ मध्येच मिळाला होता, पण विद्यापीठाच्या १८९७ च्या मतदानात पदवीचा प्रस्ताव सुमारे १,७०० विरुद्ध ६६० मतांनी फेटाळला गेला. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदव्या दिल्या त्या थेट १९४८ मध्ये.

माध्यमिक शिक्षणाविषयीच्या ब्राइस आयोगावर (१८९४-९५) नेमलेल्या तीन स्त्रियांपैकी त्या एक होत्या. ब्रिटनच्या अशा रॉयल कमिशनवर (सरकारी चौकशी आयोगावर) स्त्रिया आल्या त्या प्रथमच. परलोकविद्येच्या संशोधनातही त्यांनी बरीच वर्षे घातली. १९०८ मध्ये त्या ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’च्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. हा नाद अनेक वैज्ञानिकांना खटकतो. पण भासांविषयी सुमारे १७,००० लोकांची उत्तरे गोळा करणाऱ्या त्या संस्थेच्या पाहणीचे बरेचसे काम एलेनोर यांनीच तडीस नेले, आणि मृतांशी बोलण्याचा दावा करून बनवाबनवी करणाऱ्या ‘माध्यम’ व्यक्तींना त्यांच्याकडे थारा नव्हता.