पाणलोट क्षेत्र व्यवस्थापन

ज्या भूभागावर पडलेल्या पावसाचे पाणी उताराने वाहत येऊन एकाच ओढ्यातून किंवा नदीतून बाहेर पडते, तो भूभाग म्हणजे त्या प्रवाहाचे पाणलोट क्षेत्र होय. तेथील माती, पाणी, झाडझाडोरा आणि माणसांकडून होणारा त्यांचा वापर यांचा एकत्रित विचार करून केलेल्या नियोजनाला पाणलोट क्षेत्र व्यवस्थापन म्हणतात. पाणलोटाची हद्द डोंगराच्या धारेवरून जाते, तिला गावाची शीव ठाऊक नसते. त्यामुळे एका गावच्या ओढ्याचे भवितव्य कित्येकदा शेजारच्या गावच्या गायरानावर ठरते.

महाराष्ट्राचा 80 टक्क्यांहून अधिक भूभाग बेसॉल्ट या काळ्या खडकाचा आहे. अखंड काळ्या पाषाणात पाणी जवळजवळ मुरत नाही; ते साठते ते मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत, आणि हा साठा सहसा उथळ असतो. एक हेक्टरावर 1 मिलिमीटर पाऊस पडला, तरी 10,000 लिटर पाणी होते. म्हणजे 400 मिलिमीटर पावसाच्या गावातही पाणी पडते पुष्कळ, परंतु ते मोजक्या दिवसांत कोसळते आणि उघड्या उतारावरची माती घेऊन निघून जाते.

म्हणून कामे माथ्याकडून पायथ्याकडे करावीत, हा या शास्त्राचा पहिला नियम आहे. माथ्यावर चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि सलग समतल चर (एकाच उंचीच्या रेषेवर उताराला आडवे खोदलेले चर), मधल्या उतारावर बांधबंदिस्ती व अनगड दगडी बांध, त्यानंतर ओढ्यात गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरून केलेले), माती किंवा सिमेंटचे बंधारे असा हा क्रम असतो. चराची आखणी बहुधा ए-फ्रेमने होते. दोन पायांच्या या लाकडी चौकटीच्या शेंड्यावरून दोरीला दगड बांधून सोडतात. दोरी आडव्या पट्टीवरील मधल्या खुणेवर स्थिरावली की दोन्ही पाय सारख्या उंचीवर आहेत असे समजून तेथे खुणेसाठी फक्की टाकतात आणि चौकट पुढे फिरवतात. ही रेषा चुकली, तर पाणी चराच्या सखल टोकाशी जमून भराव फोडते आणि तेथून नवी घळ पडते. प्रत्यक्षात मात्र डोळ्यांत भरणारा सिमेंट बंधारा आधी उभा राहतो आणि माथा उघडाच राहतो. असा बंधारा गाळाने लवकर भरतो, यात नवल नाही.

अडवलेले पाणी कोणाचे, हा प्रश्न याहून अवघड आहे. मुरलेले पाणी सर्वांच्या श्रमाचे असते, पण उपसा करतो तो ज्याची विहीर खोल तो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात सिंचनासाठी विंधन विहिरी घेण्यास आणि ऊस, केळी यांसारख्या पिकांस मनाई करण्यात आली. तेथे पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि पिण्याचे पाणी बाजूला काढून मगच पिके ठरवतात. त्याच्या कितीतरी आधी, 1972 च्या दुष्काळानंतर, विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला होता. त्यात पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता दरडोई अर्धा एकर या हिशेबाने दिले जाई, भूमिहीनांचाही त्यात वाटा असे, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे.