कळतं नाकाला, वळतं सरावानं

माजी सैनिक आणि त्याचा सेवा श्वान, म्हणजे ताणात त्याला मदत करायला शिकवलेला कुत्रा, यांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘मुक्या जिवाला सगळं आपोआप कळतं.’ यातलं ‘कळतं’ खरं. ‘आपोआप’ मात्र अर्धंच खरं. माणसाचा ताण कुत्र्याच्या नाकाला कळतो, पण कळल्यावर काय करायचं हे त्याला कुणीतरी शिकवावं लागतं. न शिकवलेला कुत्रा घाबरलेल्या माणसाजवळ येईल, भुंकेल, पलंगाखाली शिरेल, नाहीतर ढिम्म पडून राहील.

नाकाचा पुरावा चांगला आहे. 2022 मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात 36 जणांना 9000 पासून 17-17 वजा करत उलटं मोजायला लावलं. त्याआधीचा आणि नंतरचा त्यांचा घाम आणि श्वास कापडाच्या तुकड्यांवर टिपला आणि चार कुत्र्यांना हुंगायला दिला. 720 पैकी 675 वेळा त्यांनी ताणाचा तुकडा बरोबर ओळखला. त्याच माणसाचा, काही मिनिटांपूर्वीचा तुकडा शेजारीच होता हे विसरू नका. पण या कुत्र्यांनाही ओळखलेला वास ‘दाखवायचा’ कसा, हे आधी शिकवलेलं होतं.

कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र असल्यानं नागपूरकरांना फौजी नवा नाही, आणि मेरठच्या केंद्रात तयार होणारा लष्करी कुत्रा परेडमुळे सगळ्यांच्या ओळखीचा. म्हणून निवृत्त जवानाच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा जर्मन शेफर्ड किंवा मॅलिनॉ येतो. इथेच पहिली चूक होते. स्फोटकं हुडकणाऱ्या कुत्र्याचं लक्ष बाहेर असतं, सेवा श्वानाचं लक्ष आपल्या माणसावर हवं. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरच्या ताणविकारात, माणूस आधीच चोवीस तास पहाऱ्यावर असतो. त्याच्या जोडीला दुसरा पहारेकरी दिला की दोघं मिळून वॉचमनकडेही संशयानं बघू लागतात. निवडताना घ्यायची साधी चाचणी अशी: कुत्र्यापासून सात-आठ फुटांवर स्टीलचं ताट पाडा. दचकला तरी हरकत नाही. काही सेकंदांत सावरून ताट हुंगायला आला पाहिजे. शांत लॅब्राडोर यात चांगला उतरतो. चाचणीत उतरलेलं गावठी पिल्लू तर विदर्भाच्या उन्हात त्याच्याहून सरस.

आता मुख्य काम. फौजीचा पाय अस्वस्थपणे थरथरू लागला की कुत्र्यानं नाकानं गुडघा ढोसायचा, म्हणजे त्याचं मन जागेवर येईल, एवढंच शिकवायचं आहे.

पहिला आठवडा फक्त ‘टच’. ‘टच’ म्हणा आणि मूठ कुत्र्याच्या नाकापासून चार बोटांवर धरा. नाक लागलं त्याच क्षणी ‘हां!’ म्हणा आणि एका सेकंदात उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा द्या. एका बैठकीत 15 ते 20 वेळा, बैठक 3 ते 5 मिनिटांची, दिवसातून तीनदा. बरेच जण ‘हां’ऐवजी क्लिकर, म्हणजे दाबली की वाजणारी डबी, वापरतात, पण त्याची कोरडी ‘टक्’ काही फौजींनाच दचकवते. तिथे तोंडचा शब्द बरा. ‘हां’ दोन सेकंद उशिरा आला तर एव्हाना कुत्र्यानं मान वळवलेली असते आणि तुम्ही मान वळवण्याचं बक्षीस देता. नाक पक्कं लागू लागलं की मूठ हळूहळू गुडघ्यावर आणा, मग गुडघ्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावा, शेवटी तोही काढा.

दुसऱ्या टप्प्यात पाय मुद्दाम हलवा, एक सेकंद थांबा, मग ‘टच’ म्हणा. आधी पाय, नंतर शब्द. दोन्ही एकदम केलं तर महिनाभर घाम गाळूनही कुत्रा पायाकडे ढुंकून बघत नाही. असं का होतं, ते जरा सविस्तर पाहण्यासारखं आहे.

मेंदू शिकतो तो अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकातून. समजा चिकन मिळण्याची पूर्ण अपेक्षा 100 आहे आणि दर वेळी कुत्रा उरलेल्या फरकाच्या 30 टक्के शिकतो. पहिल्या खेपेला अपेक्षा 30 वर जाईल, मग 51, मग 66, मग 76. फरक घटत जातो तसं शिकणं मंदावतं आणि 100 जवळ थांबतं. हा हिशेब रेस्कोर्ला आणि वॅग्नर या मानसशास्त्रज्ञांनी 1972 मध्ये मांडला. आता ‘टच’ शब्दाची अपेक्षा 100 वर पोचली आहे आणि त्याच क्षणी तुम्ही पायही हलवलात. चिकनची वर्दी शब्दानं आधीच देऊन टाकली आहे. फरक शून्य, म्हणून पायाच्या वाट्याला शून्य. लिऑन कामिन यांनी हाच अडथळा त्याआधी उंदरांवर दाखवला होता.

पाय एक सेकंद आधी हलला की चित्र पालटतं. त्या क्षणी कुत्र्याला कसलीच अपेक्षा नसते, आणि मग येतो ‘टच’, म्हणजे चिकनची खात्री. ही चांगली बातमी अचानक आली, म्हणून तिच्याआधी काय घडलं याची मेंदू नोंद करतो. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या, डोपामाइन हे रसायन सोडणाऱ्या पेशींत हे सरकणं पाहिलं. सुरुवातीला पेशी फळांचा रस मिळाला की सळसळत. शिकल्यावर त्या रसाआधीच्या खुणेलाच सळसळू लागल्या, आणि खूण होऊन रस आला नाही तर ऐन वेळी गप्प झाल्या. खूण अशी एकेक पायरी मागे सरकते: चिकनवरून शब्दावर, शब्दावरून पायावर. वीस-तीस फेऱ्यांत कुत्रा शब्दाची वाट न बघता ढोसतो, मग शब्द सोडून द्या.

आता गंमत बघा. सरावातली थरथर नाटकी असते, तिला ताणाचा वास नसतो. ताणाच्या खऱ्या झटक्यात मात्र शरीर आतून आधी बदलतं, पाय मागून हलतो. म्हणजे वास पायाच्याही आधीची पायरी झाला, आणि खूण तिथपर्यंत सरकायला वाट मोकळी होते. अट एकच, खऱ्या झटक्यातही चिकन मिळालं पाहिजे. नेमका तेव्हाच फौजीचा हात कापत असतो, खाऊ फ्रिजमध्ये असतो आणि कुत्र्याच्या वाट्याला ‘चल हट’ येतं. असं चार-पाच वेळा झालं की शिकवलेलं पुसट होऊ लागतं. म्हणून खाऊची पिशवी कायम कमरेला हवी, आणि घरातल्या एकाला तरी ‘हां’ वेळेवर म्हणता आलं पाहिजे.

दुःस्वप्नातून उठवण्याचं शिक्षणही याच वाटेनं जातं, फक्त ढोसायची जागा बदलते. चेहऱ्याजवळ कुत्रा कधीही न्यायचा नाही. दचकून उठलेल्या माणसाचा हात आधी चालतो. पायाचा तळवा ढोसायचा, नाहीतर पांघरूण ओढायचं. नागपुरात एक अडचण आणखी आहे. एप्रिल ते जून रात्रभर कूलरच्या घरघरीत श्वासाची लय कुत्र्याला ऐकू येत नाही आणि वास वाऱ्याबरोबर भलतीकडे जातो. कुत्र्याची गादी अशी टाका की कूलरची हवा आधी माणसावरून आणि मग कुत्र्यावर येईल.

घरात आलं म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात आलं असं नाही. कुत्रा जागेसकट शिकतो. घर, मग जिना, मग सकाळी सेमिनरी हिल्स, मग फुटाळा तलावाचा काठ, आणि शेवटी दुकानं उघडण्याआधीची सीताबर्डी. प्रत्येक नव्या जागी आधीच्या दोन पायऱ्या खाली उतरून सुरुवात करायची. पहिल्या वर्षी मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत नेऊ नका. मे महिन्यात सकाळी सातनंतर डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर पंजांनाही नाही. शिवाय तापलेला कुत्रा तोंडानं धापा टाकतो, आणि धापा टाकणारं नाक हुंगण्याच्या कामाचं राहत नाही.

डोळ्यांत डोळे घालून बघितलं की कुत्रा आणि मालक दोघांचं ऑक्सिटोसिन वाढतं, हे जपानी संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं. त्याचा ‘प्रेमाचं रसायन’ म्हणून बराच गाजावाजा झाला. फायदा मोजायचा तर अमेरिकेत 2024 मध्ये 156 जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सेवा श्वान मिळालेल्यांची पीटीएसडीची लक्षणं तीन महिन्यांनी प्रतीक्षायादीतल्यांपेक्षा कमी होती. पण दोन्ही गटांचे नेहमीचे उपचार चालूच होते आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. इंटरनेटवर विकलं जाणारं जाकीट आणि प्रमाणपत्र घालून मात्र कुत्रा काहीच शिकत नाही.

पहिले दोन महिने कुत्र्याचा सगळा खुराक फौजीच्या हातूनच जायला हवा. घरच्यांना हे पटवता येतं. शनिवारी तेल लावलेली पोळी घेऊन काळा कुत्रा शोधत फिरणाऱ्यांना पटवणं जड जातं. साडेसाती उतरवायला आलेला माणूस तुमच्या कुत्र्याला रस्त्यात खाऊ घालतो आणि ‘अनोळखी हात म्हणजे चिकन’ हा धडा एका घासात शिकवून जातो. कुत्रा काळा असेल तर शनिवारचा सराव घरातच ठेवा.