तिसऱ्या सर्व्हरला निरोपच गेला नाही

“यूपीएस आहे ना, मग लाईट गेली तर काय बिघडलं?” हा प्रश्न मी दर पावसाळ्यात ऐकतो. गेल्या जूनमध्ये मी सांभाळतो त्या क्लस्टरमधले, म्हणजे एकत्र चालणाऱ्या तीन सर्व्हरच्या गटातले, दोन सर्व्हर शिस्तीत बंद झाले आणि तिसऱ्याची वीज डेटाबेस चालू असतानाच तुटली. यूपीएस तिघांना एकच, बॅटरीही ठणठणीत.

ही बॅटरी सर्व्हर तासन्‌तास चालवायला नसते. नीट बंद होण्यापुरती उसंत देते. ती उसंत वाटून देण्याचं काम ‘नट’, म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स, हे मोफत सॉफ्टवेअर करतं. यूपीएसची यूएसबी केबल एकाच सर्व्हरला जोडलेली असते, तो प्रायमरी. बाकीचे सेकंडरी, ते पासवर्ड देऊन नेटवर्कवरून त्याच्याशी जोडलेले राहतात.

बॅटरी खालावली की प्रायमरी ‘बंद व्हा’ असा निरोप देतो आणि सेकंडरी संपर्क सोडेपर्यंत थांबतो, मूळ सेटिंगप्रमाणे फार तर 15 सेकंद. पण कोणासाठी थांबायचं हे त्याला कसं कळतं? क्लस्टरमधल्या सर्व्हरची यादी त्याच्याकडे नसते. तो फक्त आकडा बघतो: आत्ता किती जण लॉगिन आहेत? आकडा एकवर आला, म्हणजे आपण एकटेच उरलो, की तो स्वतः बंद होतो आणि जाता जाता यूपीएसला वीज तोडायला सांगतो. त्यात पुन्हा संपर्क सोडणं म्हणजे बंद होणं नव्हे. सेकंडरीवरची व्हर्च्युअल मशीन, म्हणजे त्याच्या आत सॉफ्टवेअरने चालणारे संगणक, त्यानंतरही मिनिट-दोन मिनिटं आवरत असतात. म्हणून वीज तोडण्याआधीचा विलंब सगळ्यांत सावकाश सर्व्हरच्या हिशेबाने लावावा लागतो.

मी पासवर्ड बदलला, एका सेकंडरीवर भरला, दुसऱ्यावर राहिला. त्याचं लॉगिन होईना, म्हणून तो त्या आकड्यात नव्हताच. क्लस्टर आहे तर सेटिंग आपोआप पसरेल, अशी माझी समजूत होती. प्रॉक्समॉक्समध्ये, म्हणजे हे क्लस्टर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ‘ईटीसी-पीव्हीई’ फोल्डरमधलं सगळं खरंच सर्व सर्व्हरवर सारखं राहतं. नटच्या फाइली मात्र ‘ईटीसी-नट’मध्ये, ज्याच्या त्याच्या डिस्कवर.

खंडेनवमीला यूपीएसला झेंडूची माळ जरूर घाला, पंख्याची जाळी तेवढी मोकळी ठेवा. पण “पूजा झाली आहे, आता काही होणार नाही” हे ऐकलं की मला काळजी वाटते. पूजेने पासवर्ड जुळत नाहीत.

आता कुठलाही बदल केला की मी नटकडून जोडलेल्यांची यादी मागतो. तिन्ही पत्ते दिसले तरच सर्व्हर रूमचं दार लावतो.