सलाईनमधून मिळणारे औषध आणि एमएसचे रुग्ण : एका उपचाराची पार्श्वभूमी

सकाळी आठ-नऊच्या सुमारास रुग्ण डे-केअर विभागात येतो तेव्हा सोबतच्या नातेवाइकाच्या हातात बहुधा बर्फ घातलेला थर्मोकोलचा डबा असतो. त्यात औषधाच्या दुकानातून आणलेली रिटुक्सिमॅबची कुपी असते, कारण हे औषध २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच टिकते. आधी पॅरासिटामॉल, ॲलर्जीवरचे औषध आणि स्टेरॉइड दिले जाते. मग सलाईन सुरू होते ते अगदी संथ, तासाला ५० मिलिग्रॅम या वेगाने. घसा खवखवला, अंगावर पित्त उठले किंवा हुडहुडी भरली तर सिस्टर लगेच सलाईन थांबवतात. काही त्रास झाला नाही तर दर अर्ध्या तासाने वेग वाढवला जातो. पहिल्या खेपेस यात जवळजवळ सगळा दिवस जातो. पुढची पाळी साधारण सहा महिन्यांनी येते. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे रुग्ण आणि त्यांच्या घरचे ज्याला नुसते ‘एमएस’ म्हणतात, त्या आजाराच्या भारतातील कितीतरी रुग्णांचे आयुष्य आज या सहामाही वेळापत्रकावर बेतलेले आहे. विशेष म्हणजे त्या कुपीसोबतच्या माहितीपत्रकात एमएसचा उल्लेख नसतो. असे का झाले, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झाँ-मार्तां शार्को यांनी १८६८ साली या आजाराचे पहिले नेटके वर्णन केले. शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांतील तंतूंवरच्या मायलिनच्या वेष्टणावर उलटते, त्यामुळे कधी दृष्टी अंधुक होते, कधी पाय जड पडतात, कधी लघवीवरचा ताबा जातो. आजार बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान, शिक्षण, नोकरी आणि संसार यांच्या ऐन भरात गाठतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळतो. शार्को यांच्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे डॉक्टरांच्या हाती निदानाखेरीज फारसे काही नव्हते.

सलाईनचा या आजाराशी संबंध प्रथम आला तो स्टेरॉइडमुळे. १९७० साली अमेरिकेतील अनेक केंद्रांवर झालेल्या चाचणीत, शरीराला स्टेरॉइड तयार करायला लावणाऱ्या एसीटीएच या संप्रेरकाच्या इंजेक्शनांनी ॲटॅकमधून, म्हणजे लक्षणे एकाएकी उफाळण्याच्या काळातून, रुग्ण लवकर सावरतात असे दिसले. पुढे १९९२ मध्ये डोळ्याच्या नसेच्या सुजेवरील अमेरिकी चाचणीने शिरेतून दिलेल्या मेथिलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने दृष्टी लवकर परतते हे दाखवले. नेहमीच्या मात्रेतील स्टेरॉइडच्या नुसत्या गोळ्यांनी मात्र तो त्रास पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण वाढलेले आढळले. तेव्हापासून ॲटॅक आला की तीन ते पाच दिवस रोज १ ग्रॅम सलाईनमधून, ही पद्धत जगभर रुळली. फ्रान्समधील एका चाचणीने २०१५ मध्ये तेवढीच मोठी मात्रा तोंडावाटे दिली तरी उपयोग कमी होत नाही असे दाखवून दिले, ही बाब आपल्याकडे अजून हवी तेवढी पोहोचलेली नाही. रुग्णालयापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर राहणाऱ्या रुग्णासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हा पर्याय मोठा दिलासा ठरू शकतो.

स्टेरॉइड ॲटॅक आवरते, पण आजाराची वाटचाल बदलत नाही. ती बदलणारे पहिले औषध, इंटरफेरॉन बीटा-१बी, अमेरिकेत १९९३ साली मंजूर झाले. हे इंजेक्शन त्वचेखाली घरीच घ्यायचे होते. उत्पादन इतके अपुरे होते की कोणत्या रुग्णाला ते आधी द्यायचे हे ठरवण्यासाठी कंपनीला सोडत काढावी लागली. औषध अस्तित्वात असणे आणि ते आपल्या हाती पडणे यांतले अंतर एमएसच्या रुग्णांनी असे पहिल्याच वर्षी अनुभवले, आणि पुढच्या प्रत्येक औषधाच्या वेळी ते वेगळ्या रूपात त्यांच्यासमोर आले.

केवळ सलाईनमधूनच द्यायचे, एमएससाठी रीतसर मंजूर झालेले पहिले औषध म्हणजे मूळचे कर्करोगावरील मायटोझँट्रोन. अमेरिकेत त्याला २००० साली मान्यता मिळाली. ते स्वस्त होते आणि परिणामकारकही होते, पण हृदयाचे स्नायू दुबळे करत असल्याने आयुष्यभरात किती मात्रा द्यायची याला मर्यादा होती आणि काहींना त्यामुळे रक्ताचा कर्करोग झाला. आज ते जवळपास मागे पडले आहे.

त्यानंतरच्या नॅटालिझुमॅबची कथा अधिक उद्बोधक आहे. दर चार आठवड्यांनी शिरेतून द्यायचे हे औषध नोव्हेंबर २००४ मध्ये मंजूर झाले आणि अवघ्या तीन महिन्यांत, फेब्रुवारी २००५ मध्ये, बाजारातून काढून घेतले गेले, कारण चाचण्यांतील काही रुग्णांना जेसी विषाणूमुळे होणारा मेंदूचा घातक संसर्ग झाल्याचे उघड झाले. मार्च २००६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तज्ज्ञांची सुनावणी घेतली, तेव्हा अनेक रुग्ण स्वतः तिथे गेले आणि धोका समजून-उमजून आम्हाला हे औषध हवे आहे, असे त्यांनी सांगितले. जूनमध्ये औषध परत आले, पण प्रत्येक रुग्णाची आणि प्रत्येक केंद्राची नोंदणी सक्तीची करून. सलाईन लावण्याची जागा ही त्या दिवसापासून नुसती खाट-खुर्ची राहिली नाही. तपासणी, नोंद आणि पाठपुरावा यांचे ते केंद्र बनले. या बदलामुळे रुग्णांचे जीव वाचले, आणि त्याच बदलामुळे हा उपचार मोठ्या शहरांत एकवटला.

आता रिटुक्सिमॅबकडे वळू. लिम्फोमा या कर्करोगासाठी ते १९९७ मध्ये मंजूर झाले. प्रतिकारशक्तीचा भाग असलेल्या, रक्तातील बी पेशी नष्ट करणे हे त्याचे काम. एमएस हा मुख्यतः प्रतिकारशक्तीतल्याच दुसऱ्या, टी पेशींचा आजार मानला जात असताना अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ स्टीफन हाउजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०४ रुग्णांवर ते वापरून पाहिले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत, दोन सलाईनच्या एकाच फेरीनंतर एमआरआयवरील सक्रिय डाग ९१ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. निकाल इतका स्पष्ट असूनही ॲटॅक येणाऱ्या एमएससाठी मान्यतेला लागणारी तिसऱ्या टप्प्याची मोठी चाचणी कंपनीने या औषधाची केली नाही. त्याऐवजी त्याच तत्त्वावरचे नवे औषध, ऑक्रेलिझुमॅब, पुढे नेले. मार्च २०१७ मध्ये त्याला मान्यता मिळाली. सुरुवातीपासून हळूहळू वाढत जाणाऱ्या एमएससाठीचे ते पहिलेच मंजूर औषध ठरले, आणि त्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. मात्र अमेरिकेत त्याची जाहीर किंमत वर्षाला ६५ हजार डॉलर होती. जुने, तुलनेने स्वस्त औषध एमएसच्या बाबतीत कागदोपत्री अनधिकृतच राहिले.

ते वापरात टिकले ते स्वीडनमुळे. तिथल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी सरकारी आरोग्यव्यवस्थेतून रिटुक्सिमॅब सर्रास दिले, राष्ट्रीय नोंदवहीत प्रत्येक रुग्णाची माहिती ठेवली आणि कंपनीने न केलेली चाचणी स्वतः केली. २०२२ मध्ये तिचे निष्कर्ष आले : दोन वर्षांत रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांपैकी ३ टक्के रुग्णांना ॲटॅक आला, तर डायमिथाइल फ्युमरेट या एमएसवरच्या दुसऱ्या औषधाच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी १६ टक्के रुग्णांना. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत एमएसची औषधे प्रथमच घातली, तेव्हा क्लॅड्रिबिन आणि ग्लॅटिरामर यांच्यासोबत रिटुक्सिमॅबही होते.

भारताच्या वाटचालीतही हेच औषध मध्यवर्ती आहे. एमएस हा थंड प्रदेशातल्या गोऱ्यांचा आजार, असा समज आपल्याकडे बराच काळ होता. मुंबईच्या पारशी समाजात तो लक्षणीय प्रमाणात असल्याचे डॉ. नोशिर वाडिया यांनी १९९० साली दाखवून दिले, आणि एमआरआयची सोय वाढत गेली तसतसे इतर समाजांतील रुग्णही नजरेस येऊ लागले. त्याआधी, १९८५ मध्ये, मुंबईतच मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना झाली होती. आयात केलेली इंटरफेरॉनची इंजेक्शने मात्र बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर होती. २००७ साली हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने रिटुक्सिमॅबची जगातील पहिली प्रतिकृती बाजारात आणली, पुढे इतर भारतीय कंपन्याही उतरल्या. कर्करोगाचे औषध म्हणून ते आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत असल्याने त्याच्या किमतीवर सरकारी मर्यादाही आली. कर्करोगाच्या रुग्णांसाठी केलेल्या तरतुदीचा लाभ असा एमएसच्या रुग्णांना आपोआप मिळाला. शिवाय एमएससारखा दिसणारा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा वेगळा आजार आपल्याकडे बराच आढळतो. त्यात इंटरफेरॉनने अपाय होतो, पण रिटुक्सिमॅब दोन्हींत उपयोगी पडते. ज्या गावात हे दोन आजार वेगळे ओळखणारी अँटिबॉडीची तपासणी सहज होत नाही, तिथल्या डॉक्टरांच्या दृष्टीने ही बाब लहान नाही.

तरीही किमतीपुढे अडचणी संपत नाहीत. औषध सुरू करण्यापूर्वी हिपॅटायटिस बी आणि शरीरात दडून बसलेला क्षयरोग यांची तपासणी करावी लागते, शक्य त्या लसी आधीच घ्याव्या लागतात आणि पुढे रक्तातील इम्युनोग्लोब्युलिनवर, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या प्रतिपिंडांवर, लक्ष ठेवावे लागते. रोगप्रतिकारशक्तीवर होणारा हा परिणाम करोनाच्या साथीत फार जाणवला. लस घेऊनही अनेकांच्या शरीरात पुरेशी प्रतिपिंडे तयार झाली नाहीत आणि कित्येकांच्या पाळ्या पुढे ढकलाव्या लागल्या. विम्याचा प्रश्न वेगळाच. चोवीस तास दाखल राहिल्याशिवाय दावा नाही, या जुन्या नियमाने दिवसभरात संपणारा हा उपचार अडकून पडत असे. विमा नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत मोनोक्लोनल अँटिबॉडीचे (रिटुक्सिमॅब याच गटातले) इंजेक्शन हे वगळता न येणाऱ्या आधुनिक उपचारांत घातले, पण त्यावर उपमर्यादा, म्हणजे ठरावीक रकमेपुरतीच भरपाई, घालण्याची मुभा कंपन्यांना ठेवली. औषध एमएससाठी मंजूर नाही, हे कारण पुढे करून दावा नाकारला जाण्याची टांगती तलवारही राहतेच.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एमएसला निर्दिष्ट दिव्यांगत्वांत स्थान दिले, ही मोठी गोष्ट झाली. मात्र बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते, आणि सलाईनचे औषध वेळेवर मिळालेला रुग्ण चालता-फिरता राहतो, त्यामुळे तो या निकषात बसेलच असे नाही. उपचाराचा हेतूच मुळी त्याला त्या टक्केवारीपर्यंत पोहोचू न देणे हा आहे.

अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये ऑक्रेलिझुमॅबचे त्वचेखाली सुमारे दहा मिनिटांत देता येणारे रूप मंजूर झाले. आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांसाठी मात्र अजून तोच थर्मोकोलचा डबा आणि तीच संथ सलाईन आहे. उष्णतेने एमएसची लक्षणे तात्पुरती बळावतात, हे विल्हेल्म उहथॉफ यांनी १८९० साली नोंदवून ठेवले आहे. नांदेड किंवा चंद्रपूरहून ज्याची पाळी मे महिन्यात येते, त्याला डबा थंड ठेवण्याइतकीच स्वतःला थंड ठेवण्याची काळजी घेत तो प्रवास करावा लागतो. या उपचाराला लागते ते फ्रिज, देखरेख करणारी प्रशिक्षित परिचारिका, ॲलर्जी उठल्यास द्यायची औषधे आणि हाकेच्या अंतरावर असलेला डॉक्टर. यातले बहुतेक सारे जिल्हा रुग्णालयात आधीपासून आहे.