‘विथ’ आधी कोणाच्या बाजूला होता?

‘ही फॉट विथ द फ्रेंच.’ या वाक्यातला माणूस फ्रेंचांच्या बाजूने लढला की फ्रेंचांशी लढला? नुसत्या वाक्यावरून सांगता येत नाही, कारण इंग्रजीत दोन्ही अर्थ चालतात. ‘विथ’ म्हणजे ‘सोबत’ असे पाठ केलेल्याला हे विचित्र वाटेल. पण यातला ‘विरुद्ध’ हा अर्थच जुना आहे.

सुमारे ११०० सालापर्यंतच्या जुन्या इंग्रजीत ‘विथ’चा मुख्य अर्थ होता विरुद्ध किंवा समोर. ‘विथस्टँड’ म्हणजे तोंड देणे, ‘विथहोल्ड’ म्हणजे रोखून धरणे, ‘विथड्रॉ’ म्हणजे मागे घेणे. या शब्दांत सोबतीचा मागमूस नाही तो म्हणूनच. सोबत सांगायला तेव्हा ‘मिड’ हा शब्द होता. जर्मनमधला ‘मिट’ त्याचा भाऊबंद, आणि तो आजही ‘सोबत’ याच अर्थाने रोजच्या वापरात आहे.

मग अर्थ फिरला कसा? मला यातली खरी गंमत लढाईत दिसते. लढायला समोर कोणीतरी लागतोच. जो विरुद्ध उभा, तोच त्या कृतीतला दुसरा भागीदार. मराठीच पाहा: ‘शत्रूशी लढला’ आणि ‘मित्राशी बोलला’ यांत ‘शी’ एकच आहे, आणि ते आपल्याला जराही खटकत नाही. शिवाय इंग्लंडमध्ये येऊन वसलेल्या व्हायकिंग लोकांच्या भाषेतही याच कुळातला शब्द होता आणि त्याला ‘सोबत’ हाही अर्थ होता. त्याचाही प्रभाव पडला असे मानले जाते.

पुढच्या काही शतकांत ‘विथ’ने ‘मिड’ची जागा पूर्ण बळकावली. सुरीने कापणे, भीतीने थरथरणे, अशा ठिकाणी आपण ‘ने’ लावतो, तिथेही तो जाऊन बसला. ‘मिड’ मात्र ‘मिडवाइफ’मध्ये उरला. यातल्या ‘वाइफ’चा अर्थ बायको नव्हे, नुसती बाई: बाळंतिणीच्या सोबत असणारी बाई, म्हणजे सुईण.

आणखी मागे गेलो तर ‘विथ’चे मूळ ‘वेगळे, दूर’ या अर्थाच्या एका अतिप्राचीन धातूपर्यंत पोचते. संस्कृतातला ‘वि’ हा उपसर्ग त्याच मुळातून आलेला आहे. वियोग आणि विभक्त या शब्दांतला तोच ‘वि’.