ऑक्सिजनच्या टाकीत बसून बोट जुळत नाही

कडबाकुट्टीत बोट गेलं की सांगलीकडच्या गावांत दोन सल्ले हमखास मिळतात: बोट बर्फात टाका, आणि ‘मोठ्या शहरात ऑक्सिजनच्या टाकीत बसवतात, त्यात तुटलेलं जुळतं.’ दोन्ही चूक.

बोट जोडतात ते सूक्ष्मदर्शकाखाली, केसापेक्षा बारीक धाग्याने, जेमतेम मिलिमीटरभर रुंदीच्या रक्तवाहिन्या शिवून. टाकीचं काम, लागलंच तर, त्यानंतरचं. या बंद टाकीत बसून हवेच्या साधारण २ ते २.५ पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतला की तो तांबड्या पेशींपुरता न राहता रक्तद्रवातही विरघळतो (सोडावॉटरमध्ये वायू दाबून भरतात तसाच) आणि सुजलेल्या, उपाशी पेशींपर्यंत जास्त पोचतो. पण शिवलेली वाहिनी गुठळीने तुंबली तर रक्तच पुढे जात नाही. तिथे टाकी नव्हे, पुन्हा ऑपरेशन लागतं. आणि नाकात साधी नळी लावून हा परिणाम मिळत नाही, हेही जाता जाता.

राहिला बर्फ. थेट बर्फात पेशी गोठून मरतात. बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, पिशवीत घट्ट बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. असं थंड राहिलेलं बोट १२ तासांनंतरही जोडता येऊ शकतं. कोपराजवळ तुटलेल्या हातात स्नायू जास्त, त्याला एवढी सवड नसते.