ऊन जास्त म्हणून सोलर जास्त? तसं नसतं भो!

थंडीत मळ्यात भरिताचा बेत होता, बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ, आणि गप्पा निघाल्या विजेवर. चुलतभाऊ म्हणे, "आपलाकडे इतलं ऊन शे, मग सोलर तर जोरमा चालत हुई ना?"

इथंच घोळ आहे. पॅनलला उजेड पाहिजे, उष्णता नको. पॅनलवर जे वॅट लिहिलेले असतात ते सेलचं तापमान २५ अंश धरून. आपल्या खान्देशात मे महिन्यात हवाच ४५ ला जाते, काच तर ६५ च्या पुढे तापते, आणि २५ च्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्के वीज कमी होते. म्हणजे भर दुपारी १५ टक्के तिथंच गेली, वरून धूळ! दिवस मोठा म्हणून मे महिना निभावून जातो एवढंच, नाहीतर फेब्रुवारीतली स्वच्छ गार दुपार त्याच्यापेक्षा भारी.

दुसरा घोळ मेगावॅटचा. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सोलर प्रकल्प आहे आणि भुसावळजवळ दीपनगरला कोळशावरचा ५०० चा एक संच घेतला तर तो चौपट, असं वाटतं ना? पण मेगावॅट ही नुसती ताकद, खरी वीज युनिटमध्ये मोजा: १ किलोवॅट तासभर चालला की १ युनिट, आणि १००० किलोवॅटचा १ मेगावॅट. सोलरचा १ किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिट देतो, म्हणजे १२५ मेगावॅटचे झाले ५ लाख. कोळशाचा संच २४ तास फुल चालला तर १ कोटी २० लाख, सरळ चोवीसपट. अर्थात फुकट नाही, एका युनिटला पाऊण किलोच्या आसपास कोळसा लागतो, म्हणजे त्या एका संचाला रोज दोन-अडीच मालगाड्या भरून, आणि त्यातली जेमतेम एक तृतीयांश उष्णता तारेत जाते, बाकी चिमणीतून आणि रेल्वेतून दिसतात त्या कूलिंग टॉवरमधून हवेत. आपला भरिताचा जाळ या हिशोबात हुशार म्हणायचा, किलोभर वाळलेल्या काड्यांत ४ युनिट उष्णता असते ती थेट वांग्याखाली, त्याच काड्यांची वीज करायला गेलं तर हातात १ युनिट आलं तरी खूप.

पवनचक्कीचं गणित अजून वेगळं. वारा दुप्पट झाला की वीज आठपट, आणि अर्धा झाला की आठवा हिस्सा. म्हणून साक्रीकडच्या ब्राह्मणवेलच्या पठारावरची पाती जून ते ऑगस्ट गरगर फिरतात आणि हिवाळ्यात बरेचदा नुसती उभी. पण गंमत अशी की ढगांमुळे सोलर ढेपाळतं नेमकं तेव्हाच वारा जोरात असतो, त्यामुळे दोघं एकमेकांना बऱ्यापैकी सांभाळून घेतात.

आणि पाणी? १००० लिटर पाणी तब्बल ३६७ मीटर खाली पडलं तर १ युनिट, तेही काहीच वाया नाही गेलं तर. म्हणून तर पाण्यापासून वीज करायला एवढी मोठी धरणं लागतात. नर्मदेवरच्या सरदार सरोवरात आपल्या अक्कलकुवा-धडगावची गावं बुडाली, ती किंमत कोणत्याच युनिटच्या दरात दिसत नाही.

शेवटी काका बोलले. त्यांची ५ एचपीची मोटर ८ तासांत ३० युनिट खाते, डिझेलवर तेवढ्याला १० लिटर जातं, लिटरमागे ३ युनिटच निघतात. त्यांनी सोलर पंप घेतलाय, त्याच्यावर ८ तास फुल चालत नाही, सकाळी लवकर पाणी बारीक येतं, ढग आला की धार कमी होते.

"पण शेतीची लाईट रात्री येते म्हणून थंडीत पिकाला बारं द्यायला उठावं लागत नाही ना," म्हणे, आणि वांगं उलटवलं.